जुन्या गाडीतला अनोळखी पार्ट कसा ओळखायचा: पद्मिनीवाल्यांसाठी पायरीपायरीने

जुनी प्रीमियर पद्मिनी दारात आली की सुरुवातीचे दिवस धुण्यापुसण्यात आणि कौतुकात जातात. मग कधीतरी बोनेट उघडून तुम्ही निवांत बघायला लागता आणि प्रश्न सुरू होतात. ही काळी डबी कसली? ही नळी अर्ध्यातच का संपते? या वायरच्या टोकाला काहीच का जोडलेलं नाही? एक मेकॅनिक म्हणतो, "निकाल डालो साहब, कुछ काम का नहीं." दुसरा त्याच पार्टला बोट लावू देत नाही. दोघांपैकी कुणाचं ऐकायचं हे ठरवण्याइतकं तरी आपल्याला कळावं, एवढ्यासाठी हा लेख.

उदाहरण पद्मिनीचं घेतोय. ती आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यातली, शिवाय तिच्या पोटात नंतर घुसवलेल्या वस्तू जेवढ्या सापडतात तेवढ्या क्वचितच दुसऱ्या गाडीत सापडत असतील. तुमच्याकडे अँबॅसिडर, हेराल्ड किंवा जीप असली तरी पद्धत हीच. जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

एक गोष्ट आधीच सांगतो: पार्टचं नाव शोधत बसू नका. नाव सगळ्यात शेवटी कळतं आणि कधीकधी कळतही नाही, पण त्यावाचून काही अडत नाही. पार्ट कशाला बसवलाय, त्याच्यात काय जातं आणि त्यातून काय बाहेर येतं, एवढं कळलं की त्याचं काम कळलं.

१. आधी हे जमवा

कागदांमध्ये सगळ्यात आधी आरसी. तिच्यातलं उत्पादनाचं वर्ष आणि इंधनाचा रकाना, या दोन गोष्टी नीट वाचा. इंधनापुढे पेट्रोलसोबत सीएनजी लिहिलेलं असेल तर तुमची निम्मी कोडी तिथेच सुटली. का, ते खाली येईलच.

दुसरं म्हणजे पार्ट्स कॅटलॉग. लोक वर्कशॉप मॅन्युअलच्या मागे लागतात, पण आपल्या कामाला कॅटलॉग जास्त उपयोगी. मॅन्युअल दुरुस्ती शिकवतं. कॅटलॉगमध्ये प्रत्येक जुळणी सुटी करून काढलेली चित्रं असतात आणि एकेका वायसरलासुद्धा नंबर असतो. पद्मिनी मुळात इटलीची फियाट ११०० डी. इथे १९६४ पासून ती 'डिलाइट' म्हणून विकली गेली, मग काही काळ 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. त्यामुळे इटालियन ११०० डीचा कॅटलॉग इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढच्या सस्पेन्शनसाठी बऱ्यापैकी चालतो. विजेच्या सामानाला मात्र त्याच्यावर विसंबू नका, कारण ते बहुतेक इथल्या कंपन्यांचं असे. आधीच्या मालकाकडे गॅरेजची जुनी बिलं असतील तर तीही मागून घ्या. लोक ती सहज देतात, कुणी मागतच नाही.

हत्यारं साधीच लागतात:

- मल्टिमीटर आणि १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प
- टॉर्च आणि हातात मावेल एवढा आरसा (मागच्या बाजूचा शिक्का वाचायला)
- जुना टूथब्रश आणि थोडं डिझेल
- मास्किंग टेप, मार्कर
- व्हर्नियर
- एमएम पान्यांचा सेट आणि सुती पान्यांचा सेट, दोन्ही
- हाताशी अग्निशामक

सुती पाने पद्मिनीला लागत नाहीत, तरी ते यादीत का आहेत ते तिसऱ्या पायरीत कळेल.

२. काढू नका, फोटो काढा

पार्ट जागेवर असतानाच त्याची निम्मी माहिती तुमच्यासमोर असते. तो काढून टेबलावर ठेवला की ती गेली. म्हणून आधी लांबून एक फोटो, ज्यात आजूबाजूचं सगळं दिसेल, आणि मग जवळून चारी बाजूंनी. प्रत्येक वायरला आणि नळीला टेपचा तुकडा लावून नंबर घाला. बॅटरीची अर्थची (बॉडीला जोडलेली) तार सोडवा आणि मगच घासायला घ्या.

घासताना एक काळजी. जुने ब्रेक लायनर, क्लच प्लेट, सायलेन्सरजवळची गॅस्केटं आणि गुंडाळलेल्या दोऱ्या यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तिथे कोरडा ब्रश किंवा हवेचा फवारा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

३. कारखान्याचा की नंतरचा?

पद्मिनीच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यात मोठा, म्हणून इथे जरा थांबू.

कारखान्यातून आलेला पार्ट ओळखायच्या काही खुणा आहेत. तो बसवलेला ब्रॅकेट बॉडीच्याच रंगाचा असतो आणि रंग ब्रॅकेटखालीही सलग असतो. भोकाच्या कडा स्वच्छ असतात. वायर मूळ हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडीच्या, गुंडाळीतून बाहेर येते. नंतर बसवलेल्या पार्टचं भोक हातड्रिलने पाडलेलं, कडेला गंज धरलेला, स्क्रू पत्र्यात थेट घुसवलेला आणि वायर हार्नेसच्या बाहेरून काळ्या टेपने चिकटवलेली.

आता सुती पान्यांबद्दल. फियाटचे नटबोल्ट मेट्रिक, म्हणजे एमएम पान्यांचे. अँबॅसिडर, हेराल्ड, जीप या गाड्यांचे इंचाच्या हिशेबाचे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्यामुळे मिस्त्री अर्ध्या इंचाला चार सूत म्हणतो. पद्मिनीतल्या एखाद्या पार्टच्या बोल्टला एमएमचा एकही पाना नीट बसत नसेल आणि चार सुती पाना घट्ट बसत असेल, तर तो बोल्ट कुर्ल्याहून आलेला नाही. पार्टही बहुधा नाही. उलट बाजूने हीच परीक्षा अँबॅसिडरला लावता येते.

नंतर आलेल्या सामानाचे पद्मिनीत मुख्य तीन उगम आहेत.

पहिला, टॅक्सीचा जन्म. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. त्याआधी बऱ्याच टॅक्सी खाजगी गाड्यांमध्ये बदलल्या गेल्या, आणि बऱ्याच टॅक्सींचे पार्ट खाजगी गाड्यांत गेले. पुढच्या डाव्या बाजूला बुजवलेली भोकं दिसली, किंवा स्पीडोमीटरच्या केबलला मध्येच एक फाटा फुटलेला दिसला, तर तिथे भाड्याचा यांत्रिक मीटर होता. नव्या काळ्या रंगाखाली खरवडल्यावर पिवळा निघाला तर शंकाच नको.

दुसरा, सीएनजी किट. किट काढून विकतात, कारण त्याला किंमत येते. पण काढणारा फक्त विकण्यासारखं तेवढंच काढतो. मागे काय उरतं ते बघा:

- कार्बोरेटर आणि एअर क्लीनर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची जाड कडी, तिच्या बाजूला नळीचं तोंड. हा गॅसचा मिक्सर. तोंड उघडं राहिलं असेल तर एअर क्लीनरला वळसा घालून रस्त्याची धूळ थेट इंजिनात जाते. हे दिसलं तर ओळखपरेड पुढे ढकला, आधी तोंड बंद करा.
- पाण्याच्या रबरी नळ्यांमध्ये टी आकाराचे जोड, एक तोंड बोल्ट ठोकून क्लिपने बंद केलेलं. गॅसचा रेग्युलेटर गार पडू नये म्हणून त्याला इंजिनचं गरम पाणी जोडलेलं असे, त्याची ही खूण. असे जोड पुढे गळतात. अख्खी नवी नळी टाका.
- डॅशबोर्डखाली तीन खटक्यांचा स्विच. एक बाजू पेट्रोल, एक बाजू गॅस, मधल्या जागेत दोन्ही बंद, म्हणजे गॅसवर जाण्याआधी कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपू द्यायचं.
- डिकीच्या तळाला मोठी गोल भोकं. सिलिंडरच्या झडपेपाशी गळलेला गॅस बाहेर सोडणाऱ्या नळ्या तिथून जात. पावसाळ्यात डिकीत पाणी कुठून येतं असा प्रश्न पडला असेल तर इथे बघा.
- पेट्रोलच्या नळीवर बसलेला सोलेनॉइड व्हॉल्व्ह. याच्याबद्दल चौथ्या पायरीत सविस्तर.

तिसरा उगम, मिस्त्रीची सोय. डायनामो काढून अल्टरनेटर बसवला की जुन्या कटआउटचं (डायनामोचं चार्जिंग सांभाळणाऱ्या डबीचं) काम संपतं, कारण अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुधा त्याच्या अंगातच असतो. पण कटआउटची काळी डबी जागेवर तशीच राहते आणि तिचे स्क्रू वायरी जोडायची फुकटची जागा म्हणून वापरले जातात. डबी उघडलीत, आतली कॉइलं जळालेली दिसली, म्हणून उपटून फेकलीत, तर गाडीचे दिवे आणि हॉर्न एकदमच जातील. पार्ट मेलेला असतो पण त्याच्यावरचा रस्ता चालू असतो. अशा डबीला काढण्याआधी प्रत्येक स्क्रूवरून कोणती वायर कुठे जाते ते लिहून काढा.

एक चौथाही प्रकार आहे, तो फसवा. पार्ट कारखान्याचाच, पण आपल्या हवेत त्याला काम नाही. युरोपातल्या कितीतरी जुन्या गाड्यांत एअर क्लीनरची सोंड हिवाळ्यात एक्झॉस्टजवळ वळवायची सोय असे, म्हणजे गरम हवा आत जावी. ती फिरणारी सोंड सैल झालीये म्हणून लोक वेल्डिंग करून टाकतात! हीटरसाठी ठेवलेली आणि प्लगने बंद केलेली तोंडंही त्यातलीच.

४. आत काय जातं, बाहेर काय येतं

पार्टला जोडलेल्या प्रत्येक गोष्टीचा दोन्ही टोकांपर्यंत माग काढा. वायर, नळी, केबल, दांडी, काहीही असो. मध्येच "ही तिकडेच जात असणार" म्हणून सोडून देऊ नका. हार्नेसमध्ये शिरलेली वायर कुठे निघते हे मल्टिमीटरच्या बीपने बघा, नळीतून तोंडाने फुंकून बघा (पेट्रोलची नसेल तर).

आता तो सोलेनॉइड व्हॉल्व्ह. एका परिचिताची पद्मिनी घ्या. एसी पंप आणि कार्बोरेटर यांच्यामध्ये पेट्रोलच्या नळीवर एक पितळी तुकडा, वर काळी टोपी, टोपीतून निघालेली एक वायर अर्ध्या वितीवर कापलेली, खालच्या बाजूला छोटा स्क्रू. (नव्या मंडळींसाठी: एसी पंपाचा एअर कंडिशनरशी संबंध नाही. इंजिनावर बसलेल्या यांत्रिक पेट्रोल पंपाला गॅरेजमध्ये तेच म्हणतात.) दोन मेकॅनिकांनी त्या पितळी तुकड्याला फिल्टर म्हटलं.

माग काढला तेव्हा असं दिसलं. आत पेट्रोल, बाहेर पेट्रोल, अंगावर दिशेचा बाण. इथपर्यंत फिल्टरही असू शकतो. पण फिल्टरला वायर कशाला? वायरचा अर्थ, वीज आली की आत काहीतरी हलतं. मल्टिमीटरने टोपीतली वायर आणि धातूचं अंग यांच्यातला रोध मोजला, तो थोड्या ओहमचा आला, म्हणजे आत कॉइल आहे. व्हॉल्व्ह काढून, पेट्रोल पुसून, गाडीपासून लांब नेऊन, मध्ये दोन अँपियरचा फ्यूज टाकून बॅटरी लावली: 'टक्'. झालं. वीज असेल तर पेट्रोल सोडणारा, नसेल तर अडवणारा व्हॉल्व्ह.

मग वायर कापलेली असताना गाडी चालत कशी होती? तो खालचा स्क्रू. वीज गेली तर हाताने पेट्रोल चालू करायची ती सोय. किट काढणाऱ्याने स्क्रू उघडा ठेवून दिला होता. कुणी "सैल झालाय" म्हणून तो आवळला असता तर गाडी जागच्या जागी बंद पडली असती आणि कार्बोरेटर, पंप, टाकी असं सगळं उघडून झालं असतं. हा व्हॉल्व्ह तुमच्याकडे निघाला तर काढा आणि तिथे चांगल्या क्लिपांसह सलग नळी टाका. एका जागी दोन जादा जोड म्हणजे पेट्रोल गळायच्या दोन जादा जागा.

याच पद्धतीने आणखी काही नेहमीची मंडळी ओळखता येतात. टॅपेट कव्हरवरून एअर क्लीनरकडे जाणारी जाड नळी इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर काढते. ती बुजवली तर आत दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर यायला लागतं. अँबॅसिडरच्या डेल्कोच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, कुशीला चिकटलेली चपटी डबी आणि तिच्यातून कार्बोरेटरकडे जाणारी बारीक नळी स्पार्कची वेळ पुढेमागे करते. नळी सोडवून तोंडाने ओढा, आतली प्लेट हलली पाहिजे. ब्रेकच्या लोखंडी नळीला बसलेला दोन टोकांचा बटणासारखा पार्ट ब्रेक लाइटचा स्विच असतो. तो बघण्यासाठीसुद्धा सैल करू नका, ब्रेकमध्ये हवा धरेल.

५. विजेचा पार्ट असेल तर

मल्टिमीटर ओहमवर ठेवून मोजल्यावर अंदाज असा बांधायचा. जवळपास शून्य आलं तर आत मिटलेला स्विच. काही ओहम आले तर सोलेनॉइड किंवा इग्निशन कॉइल (बिनबॅलास्टच्या १२ व्होल्ट कॉइलची प्रायमरी ३ ओहमच्या आसपास असते, बॅलास्टवालीची दीडच्या; बॅलास्ट म्हणजे कॉइलला जोडलेला वेगळा रोध). पन्नास ते शंभरच्या दरम्यान आलं तर रिले असण्याची शक्यता जास्त. आकडाच आला नाही, म्हणजे वाट तुटलेली दिसली, तर उघडा स्विच, कंडेन्सर किंवा तुटलेली कॉइल.

इंजिन ब्लॉकमध्ये आटे पाडून बसवलेला एका टोकाचा पार्ट बहुधा ऑइल प्रेशरचा स्विच किंवा टेंपरेचरचा सेंडर (गेजला तापमान कळवणारा पार्ट) असतो. स्विच इंजिन बंद असताना अर्थला जोडलेला दाखवतो आणि चालू केल्यावर सुटतो. सेंडर गरम पाण्यात धरला की त्याचा रोध कमी होत जातो. या दोघांना थेट बॅटरी लावून तपासू नका, जळतात.

डायनामोला किंवा कॉइलला बाहेरून लावलेली एक वायरवाली गोल डबी दिसली तर ती रेडिओची खरखर घालवणारा कंडेन्सर. रेडिओ नसेल तर काढली तरी चालते. पण परत लावताना डायनामोच्या 'एफ' (फील्ड) टोकाला किंवा कॉइलच्या पॉइंटकडच्या, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या, टोकाला लावलीत तर पहिल्यात चार्जिंगची बोंब, दुसऱ्यात स्पार्कची.

अँबॅसिडर आणि हेराल्डवाल्यांना एक मोठी सवलत आहे. त्यांच्या वायरींचे रंग इंग्लिश पद्धतीचे: तपकिरी म्हणजे बॅटरीवरून कायम चालू, पांढरी इग्निशन चालू केल्यावर, हिरवी तीच पण फ्यूजमधून, लाल पार्किंगच्या दिव्यांची, निळी हेडलाइटची, काळी अर्थ. अनोळखी पार्टला हिरवी आणि काळी आली असेल तर तो इग्निशननंतर चालणारा आणि फ्यूजमागचा, म्हणजे वायपर, इंडिकेटर, गेज यांच्या घराण्यातला. पद्मिनीला हे कोष्टक लावू नका. आणि हार्नेस बदललेला असेल तर कुठल्याच गाडीला लावू नका. हार्नेस बनवून विकणारे मिळेल त्या रंगाची वायर वापरतात.

६. शिक्का वाचा

आता कुठे नंबर आणि नाव. डिझेल लावून घासा, आरशात बघा, टॉर्च तिरका धरा म्हणजे उठाव दिसतो. ओतकामातला उठावदार नंबर साच्याचा असतो, पार्टचा नव्हे, आणि कॅटलॉगमध्ये तो बहुधा सापडत नाही. ठोकलेला किंवा पट्टीवर छापलेला नंबर शोधा. विजेचं सामान बनवणाऱ्या इंग्लिश लुकास कंपनीच्या जुन्या सामानावर नंबराशेजारी आठवडा किंवा महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं.

नावावरूनही काळ बांधता येतो. लुकास-टीव्हीएस १९६१ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते नाव असलेला पार्ट त्याआधीचा नाही. मायको या पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, म्हणून मायको छापलेला पार्ट त्याआधीचा. गाडी १९७८ ची आणि पार्टवर बॉश लिमिटेड, इंडिया, तर तो बदललेला आहे हे वेगळं सांगायला नको.

७. कुणाला विचारायचं

एवढं केल्यावरही अडलं तर माणसं. विचारताना "हे काय आहे?" असं म्हणत फक्त जवळचा फोटो पुढे करू नका. लांबचा फोटो, वर्ष, काय जोडलंय, किती ओहम, एवढं सांगा. उत्तराचा दर्जा बदलतो.

मुंबईत ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, पुण्यात नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात, अनुभवी हात आहेत. त्यातही टॅक्सीवर आयुष्य घालवलेला मिस्त्री मिळाला तर पद्मिनीसाठी त्याच्यासारखा दुसरा नाही. भंगारातल्या दुसऱ्या पद्मिनीचं बोनेट उघडायला मिळालं तर ते कुठल्याही पुस्तकापेक्षा बरं. तोच पार्ट तिथे त्याच जागी आहे का, एवढंच बघायचं.

पेच एकच: पार्ट विकणाऱ्याला पार्टचं काम विचाराल तर तो नवा विकण्याच्या दिशेने उत्तर देईल. काम एकाला विचारा, किंमत दुसऱ्याला.

८. काढायचा की ठेवायचा

मूळ पार्ट निकामी असला तरी जागेवर राहू द्या, किंवा काढून नावाची चिठ्ठी लावून ठेवा. याला आता कागदोपत्री कारणही आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या खाजगी दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा. 'डिलाइट' आणि 'प्रेसिडेंट' या वयात आल्याच आहेत, सुरुवातीच्या पद्मिनीही येताहेत.

नंतर घुसवलेलं सामान मात्र बिनधास्त काढा, पण एका वेळी एकच. एक काढा, गाडी दोन-तीन दिवस चालवा, मग पुढचं. तीन गोष्टी एकदम काढल्या आणि गाडी झटके द्यायला लागली तर कुणामुळे ते सांगता येत नाही. काढलेली वायर मुळापर्यंत काढा, टोकाला टेप लावून लोंबती सोडू नका.

आणि सीएनजीचा शेवटचा अवशेष निघाला की आरटीओत जाऊन आरसीवरचं इंधनही बदलून घ्या. गाडी पेट्रोलवर आणि कागद सीएनजीवर, ही स्थिती विक्रीच्या वेळी आणि विम्याच्या दाव्याच्या वेळी हमखास नडते.